घरात घाट उभा करायचा तर: एचओ स्केलचा रेल्वे लेआउट, प्लायपासून सोनकीच्या फुलांपर्यंत

घरात रेल्वे लेआउट, म्हणजे डोंगर-झाडांसकट चालत्या गाडीचं छोटं मॉडेल, करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी इंजिन घेतात, मग रूळ घेतात, मग ते मांडायला टेबल शोधतात आणि डोंगर-झाडं सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात आणि उरलेल्या उत्साहात. माझं म्हणणं आहे क्रम उलटा करा. आधी जागा ठरवा आणि महिना ठरवा. जागा म्हणजे नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशी खरीखुरी जागा, आणि महिना म्हणजे त्या जागेवरचा महिना. हे दोन ठरले की खडीचा रंग, गवताची उंची, झाडं कुठली, पाणी किती, अगदी माणसांच्या हातात छत्री हवी की नको इथपर्यंत सगळं आपोआप ठरत जातं. हे नाही ठरवलं तर बाहेरून येणाऱ्या वस्तू जशा मिळतील तसा लेआउट होतो, म्हणजे पाइनची झाडं, लाल कौलांची युरोपातली घरं आणि मधून धावणारी आपली निळी गाडी.

मी घेतलीय भोर घाटातली पळसदरी ते मंकी हिल ही बाजू, सप्टेंबरचा शेवट. मुंबईपासून कर्जत १०० किलोमीटरवर आणि लोणावळा १२८ वर, मधला सगळा घाट. १८६३ साली ही लाईन सुरू झाली, चढ सदतीसला एक, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. पुण्याकडं जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लागतात आणि तेवढ्या वेळात आपण खाली उतरून वडा घेतो, हे लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून हीच जागा. तुम्ही कोकण घ्या, कसारा-इगतपुरी घ्या, माथेरानची छोटी गाडी घ्या, पण एकच जागा घ्या आणि तिथं दोनदा तरी जाऊन या. खिडकीतून व्हिडिओ काढा, कड्यांचे फोटो काढा, जमिनीवरची माती जवळून बघा. आणि त्याआधी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासूनचं, ते बघून या, एका माणसाच्या ध्यासातून काय उभं राहतं ते तिथं दिसतं.

स्केल आणि माप

एचओ म्हणजे १:८७, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान, रुळांमधलं अंतर १६.५ एमएम. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ एमएम. जागा फारच कमी असेल तर एन घ्या, पण पहिल्यांदा करताय तर एचओच बरं, हाताला सापडतं आणि चष्मा लागलेल्यालाही जमतं. एक गोष्ट आधीच सांगतो, आपला ब्रॉडगेज १६७६ एमएम, त्याला ८७ नं भागलं की सव्वाएकोणीस एमएम येतात, म्हणजे एचओचे रूळ आपल्यासाठी थोडे अरुंदच. समोरून बघितलं तर इंजिन रुळांवर जरा जास्तच रुंद वाटतं. हे मी मान्य करून पुढं गेलो, कारण तयार रूळ, चाकं, सांधे (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारे) सगळं १६.५ मध्येच मिळतं. माथेरानची लाईन करायची असेल तर ओओ-नाईन म्हणून प्रकार आहे, १:७६ च्या गाड्या एनच्या ९ एमएम रुळांवर, दोन फुटी गेजच्या बराच जवळ जातो.

आता गणित. आयसीएफचा, म्हणजे जुन्या बनावटीचा, डबा साधारण २१.३ मीटरचा, एचओमध्ये २४५ एमएम. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचा, २३.५ मीटरचा, म्हणजे २७० एमएम. सतरा डब्यांची गाडी केली तर सव्वाचार मीटरच्या वर जाते, ती घरात मावत नाही, विषय संपला. माझा बोर्ड ८ फूट बाय साडेतीन फूट आहे. ४३८ एमएम त्रिज्येचं वळण दोन्ही टोकांना घेतलं आणि कडेला थोडी जागा सोडली की मधला सरळ भाग साधारण १४५० एमएम उरतो, त्यात चार डबे, पुढं एक इंजिन आणि मागं एक बँकर असं जेमतेम बसतं. चार डब्यांची गाडी ऐकायला लहान वाटते पण एक टोक बोगद्यात आणि एक टोक वळणावर असलं की डोळ्याला ती पूर्ण दिसतच नाही, आणि न दिसलेले डबे मन स्वतःच जोडून घेतं.

त्रिज्या ३७१ ची पण मिळते, ती टाळा, आपले लांब डबे तिच्यावर फार बाहेर फेकले जातात. ४३८ वरसुद्धा आयसीएफचा डबा मधोमध आतल्या बाजूला आणि टोकांना बाहेरच्या बाजूला ८-९ एमएम सरकतो. बोगद्याचं तोंड आणि प्लॅटफॉर्मची कड ठरवताना हे विसरलात तर पहिल्याच फेरीत डबा घासणार. त्यावर उपाय सोपा आहे, सगळ्यात लांब डब्याच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध पेन्सिल चिकटवा आणि तो हातानं वळणावरून ढकलत न्या, कागदावर जी रेघ उमटेल तिच्या बाहेर ५ एमएम सोडून मग भिंत. आणि उलटसुलट दोन वळणं लागोपाठ आली तर मध्ये किमान एका डब्याइतका, म्हणजे २५ सेंमी सरळ तुकडा ठेवाच.

बोर्ड

सुतार सांगतो एकच ८ बाय ४ चा अख्खा प्लाय ठोकू, मजबूत होईल. नाही ठोकायचा. एक तर चार फुटांच्या पलीकडच्या कडेला हात पोचत नाही, ७५ सेंमीच्या पलीकडं वाकून रूळ पुसायचे म्हणजे कंबर जाते आणि शर्टाच्या बाहीनं झाडं पडतात. दुसरं म्हणजे घर बदललं की तो लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणून दोन तुकडे करा, प्रत्येकी ४ फूट बाय साडेतीन. खाली २ बाय १ इंच पट्ट्यांची चौकट, दर सव्वा-दीड फुटावर आडवी पट्टी, वर ९ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय, जोड फेविकॉल आणि स्क्रू दोन्हीनं, नुसत्या खिळ्यांनी नाही. दोन तुकडे एकमेकांना ८ एमएमच्या बोल्टनं जोडायचे आणि सोबत लाकडी डॉवेल (गोल खुंट्या) बसवायचे म्हणजे दर वेळी त्याच जागी येतात. भिंतीला टेकवून ठेवायचा असेल तर पायांना ब्रेकवाली चाकं लावा, ओढून मागं जाता येतं.

ज्या ओळीवर दोन बोर्ड मिळतात तिथं रूळ ओलांडतात ती जागा सगळ्यात नाजूक. तिथं प्लायमध्ये दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवा, रुळाचा तळ त्या स्क्रूच्या डोक्याला सोल्डर करा, आणि सगळं पक्कं झाल्यावरच मधोमध बारीक करवतीनं रूळ कापा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर कधीच जुळत नाहीत.

प्लायच्या सगळ्या बाजू, खालची पण, प्रायमरनं किंवा वॉर्निशनं बंद करा. आपल्याकडं जूनपासून हवा ओली होते, कच्चा प्लाय पाणी पितो, फुगतो, आणि हिवाळ्यात परत आकसतो. रुळांपेक्षा लाकूडच जास्त हलतं. रूळसुद्धा थोडे हलतातच, निकेल सिल्व्हरचा अडीच मीटरचा रूळ २० अंशांच्या फरकानं पाऊण एमएमच्या आसपास लांब होतो, म्हणून दर मीटरभरानं जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवायची. वाळवीचं औषध चौकटीला आतून मारून घ्या, नंतर ते कुणी करत नाही.

चढ की दरी

आता मी सगळ्यात जास्त विचार कशावर केला ते सांगतो. घाट म्हणजे चढ आलाच ना. पण ८ फुटांच्या बोर्डावर खरा चढ दिला तर काय होतं बघा. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मध्ये किमान ७५ एमएम उंची लागते. चाळीसला एक चढानं ७५ एमएम चढायला ३ मीटर लांबी हवी, आणि तेवढीच उतरायला. माझ्या अख्ख्या गोलाची लांबी साडेपाच-पावणेसहा मीटर, त्यात दीड मीटर स्टेशन सपाट. बसतच नाही. शिवाय वळण आणि चढ एकत्र आले की छोटी इंजिनं चार डबेसुद्धा नीट ओढत नाहीत, चाकं फिरतात आणि गाडी जागेवर.

म्हणून रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली न्या. प्लायवर १०० एमएम जाडीचा एक्सपीएस फोम चिकटवा, म्हणजे इन्सुलेशनला वापरतात तो घट्ट फोम, ५० एमएमचे दोन थर. रूळ फोमच्या वर. मग रुळाच्या पुढच्या बाजूला फोम कापून दरी खोदा आणि मागच्या बाजूला कडा वर चढवा. रूळ मधोमध डोंगराच्या कुशीतून जातो, एका बाजूला खोल, एका बाजूला उंच, आणि बघणाऱ्याला वाटतं गाडी चढतेय. बँकर मागं लावला की तो भास आणखी पक्का होतो.

आणि ह्यात एक बारकावा. सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्ह्याचे थरावर थर, जवळजवळ आडवे. आपण प्रवासात नकळत त्या आडव्या थरांशी रुळाची तुलना करतो आणि चढ जाणवतो. मी कड्यावरचे थर कोरताना ते मुद्दाम गाडी ज्या दिशेला चढते त्या दिशेला किंचित खाली उतरते ठेवले, १४५० एमएममध्ये साधारण ४ सेंमी, म्हणजे बरोबर सदतीसला एक. रूळ सपाट, थर उतरते, आणि डोळ्याला रूळ चढता दिसतो. घरं आणि पोल मात्र ओळंब्यात सरळ ठेवा. पाव्हणे आले की विचारतात चढ किती दिलाय, मी स्पिरिट लेव्हल ठेवून दाखवतो.

खरा चढ एकाच ठिकाणी द्या, कॅच सायडिंगला. घाट उतरताना गाडी सुटलीच तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवायला ही बाजूची लाईन असते, भोर घाटात ती आहे. बहुतेक लेआउटवर कुणी करत नाही. तिच्यावरून गाडी न्यायचीच नसते, त्यामुळं वीसला एक चढ द्या, शेवटी वाळूचा ढीग, झुडपं अंगावर आलेली, गंजलेले रूळ. अजून एक, मुंबईकडं येणारी दिशा रेल्वेच्या भाषेत अप, म्हणजे घाट उतरणारी गाडी अप आणि चढणारी डाऊन, सिग्नलच्या पाट्या लावताना हे उलटं होतं, सांभाळा.

रूळ आणि वायर

रुळाखाली ३ एमएम कॉर्क किंवा स्टेशनरीच्या दुकानातला ईव्हीए फोमचा ताव, आवाज कमी होतो आणि खडीला उतार मिळतो. फ्लेक्सी ट्रॅक, म्हणजे हातानं वाकवता येणारा रूळ, ९१४ एमएमच्या लांबीत येतो, वळणावर तोच वापरा, जोड कमी होतात. वळणावर जोड टाळता येत नसेल तर दोन फ्लेक्सी आधी सरळ असताना सोल्डर करा आणि मग एकत्र वाकवा, नाहीतर जोडावर कोन राहतो. रूळ घेताना लोहचुंबक सोबत न्या. मला एकदा निकेल सिल्व्हर म्हणून विकलेले रूळ लोखंडी निघाले, पहिल्या पावसाळ्यातच जोडांवर तांबडे झाले, सगळे काढावे लागले. चिकटले तर घेऊ नका.

सोल्डरिंगला २५ वॉटचं आयर्न पुरत नाही, रूळ सगळी उष्णता ओढून घेतो आणि तुम्ही धरून बसता तोवर प्लॅस्टिकचे स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) वितळतात. ४०-६० वॉटचं घ्या, रूळ पॉलिश पेपरनं घासा, फ्लक्स लावा, दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा, आणि दोन सेकंदांत काम संपवा. दर तीन फुटांवर रुळाला करंट पोचवणारी फीडर वायर, खाली दीड स्क्वेअर एमएमची लाल-काळी जोडी बोर्डच्या लांबीभर. जॉइनरच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपच्या) भरवशावर करंट सोडू नका, ओल्या हवेत सहा महिन्यांत त्यांची पकड जाते आणि गाडी पलीकडच्या टोकाला हळू व्हायला लागते.

कंट्रोलर साधा डीसी १२ व्होल्टचा चालतो. तयार अडॅप्टर वापरा, २३० व्होल्ट बोर्डखाली उघडे आणू नका, घरात मुलं आहेत. पुढं इंजिन आणि मागं बँकर दोन्ही मोटरवाली असतील तर डीसीत पंचाईत होते, मागचं जरा वेगवान असलं की मधले डबे वळणावर बाहेर उचलले जातात. तेव्हा एक तर बँकरची मोटर काढून तो नुसता ढकलगाडी करा, नाहीतर दोन्ही एकाच कंपनीची एकाच मॉडेलची घ्या आणि जे हळू पळतं ते मागं लावा. डीसीसीमध्ये, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीत, दोघांचे वेग जुळवता येतात, खर्च वाढतो, पण घाट करणाऱ्यानं शेवटी तिकडंच जावं असं माझं मत आहे.

डोंगराला हात लावायच्या आधी पंधरा दिवस नुसती गाडी चालवा. डोळे मिटून रुळावर बोट फिरवा, नखाला जोड लागला तर फाईल मारा. छोटा आरसा रुळावर उभा धरून त्यात लांबवर बघा, जराशी वाकडी रेघ लगेच दिसते. गाडी उलटी ढकलत चालवा, जी उलटी चालते ती सुलटी चालतेच. हे सगळं खडी टाकायच्या आधी, कारण खडीनंतर रूळ निघत नाही, निघतो तो वाकडा होऊनच.

डोंगर

दिवाळीत किल्ला केलाय ना? विटा रचायच्या, त्यावर गोणपाट टाकायचं, चिखलात भिजवलेलं, मग माती, मग अळीव. तोच हात इथं लागतो. फोमचे तुकडे किंवा टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला जुना थर्माकोल रचून डोंगराचा ढोबळ आकार करा (सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून आपल्याकडं बंदी आहे, पॅकिंगचा नाहीतरी कचऱ्यातच जातो). वर जुन्या सुती धोतराचे किंवा चादरीचे तुकडे पीओपीत बुडवून पसरा. पीओपी कालवताना आधी पाणी आणि मग पावडर, उलट केलं की गाठी होतात, आणि एका वेळी वाटीभरच, दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, पाइप कायमचा बसतो. थर्माकोलला सॉल्व्हंटवाला गोंद आणि स्प्रे पेंट लावला तर तो विरघळतो, पांढरा फेविकॉलच वापरा, मोठ्या तावांमध्ये तो वाळायला दोन-तीन दिवस घेतो, वर वजन ठेवा आणि घाई करू नका.

कड्यासाठी बाहेरून मिळणारे साचे घेऊ नका, त्यात आल्प्सचा दगड असतो, टोकदार आणि तिरका. आपला कडा पायऱ्यांचा. उभी भिंत, मग एक सपाट टप्पा ज्यावर गवत, मग पुन्हा उभी भिंत. मी थर्माकोलची इंचभर जाडीची पट्टी हातानं मोडतो, कापत नाही, मोडलेली कड बाहेरच्या बाजूला ठेवून एकावर एक रचतो, मग पातळ पीओपीचा हात देतो आणि अर्धवट वाळलं असताना जुन्या चाकूनं उभ्या चिरा देतो. वाळल्यावर रंग, काळ्यात थोडा तपकिरी आणि थोडा पांढरा, नुसता काळा नको. मग पाण्यासारखा पातळ काळा वरून सोडा, तो चिरांमध्ये जाऊन बसतो. तो वाळला की जवळजवळ कोरडा ब्रश फिकट राखाडीत बुडवून, कागदावर पुसून, फक्त कडांवरून फिरवा. हे झाल्यावर कडा एकदम उठून येतो, पहिल्यांदा झालं तेव्हा मी रात्री दीड वाजता घरच्यांना उठवून दाखवला होता.

डोंगराचा एक तुकडा सुटा ठेवा. बोगद्यात गाडी पडणार, ती नेमकी आतच पडते, तिथं हात जायला हवा आणि रूळ पुसता यायला हवा. सुट्या तुकड्याची फट गवतानं आणि झुडपांनी झाकता येते. बोगद्याची उंची रुळाच्या माथ्यापासून ८५ एमएम तरी ठेवा, आपली लाईन विजेची आहे, वायर साडेपाच मीटरवर म्हणजे एचओत ६३-६४ एमएमवर येते. तोंडाला घडीव दगडाची कमान, वर धुराचे जुने काळे डाग आणि ओघळ. पोल नक्की लावा, वायर पहिल्या वर्षी नाही लावली तरी चालेल, पोल दिसले की डोळा वायर धरून चालतो.

खडी

खरी खडी ६५ एमएमपर्यंतची, म्हणजे ८७ नं भागून पाऊण एमएम. घरातली चहाची गाळणी ह्या कामाला बरोबर आहे, तिच्यातून जे खाली पडतं त्याला आणखी एका बारीक कापडानं चाळा म्हणजे पीठ निघून जातं, मधलं राहतं ते तुमची खडी.

आता मी केलेली चूक ऐका. मला वाटलं घाटातली खडी बेसाल्टची, तर आपणही खरा बेसाल्टच वापरू, म्हणून क्रशरवरून पिशवीभर बारीक डस्ट आणली, धुतली, चाळली, टाकली, रंग तर असा जमला की बघत राहावं. आठवड्यात इंजिन घरघर करायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाभोवती काळी बारीक दाढी उगवलेली. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, चुंबकाला चिकटणारं, आणि सैल राहिलेला प्रत्येक कण इंजिन खालून ओढून घेत होतं. तेव्हा खडीसाठी काहीही वापरा, आधी ताटलीत पसरून वरून कागदात गुंडाळलेला तगडा चुंबक फिरवा. नदीच्या वाळूतही काळे कण असतात. मी आता कॉर्कचा बारीक चुरा रंगवून वापरतो, हलका असतो, पण चुंबकाचा प्रश्न मिटतो.

टाकायची पद्धत अशी. रुळांच्या बाजू आधी गंजाच्या तपकिरी रंगानं रंगवून घ्या आणि माथा लगेच पुसा. खडी चमच्यानं टाका, मऊ ब्रशनं सरकवा, स्लीपरच्या वर एकही खडा नको. मग बारीक स्प्रेनं पाणी मारा, त्यात मोबाईल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए थोडं, म्हणजे पाणी खड्यांवर थेंब होऊन न बसता आत शिरतं. मग फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, औषधाच्या ड्रॉपरनं हळूहळू सोडा. सांध्याच्या हलणाऱ्या पात्याजवळ थेंबही जाऊ देऊ नका, तिथं खडी कमीच टाका. रात्रभर हात लावायचा नाही.

हिरवा रंग

आता महिना ठरवल्याचा खरा उपयोग. एप्रिल घेतलात तर सगळं गवत पिवळट-तपकिरी, साग उघडे, माती दिसते. फेब्रुवारी-मार्च घेतलात तर मध्येच एखादा पळस पेटलेला, पळसदरी नावच त्यावरून. जुलै-ऑगस्ट म्हणजे धुकं, ओला काळा दगड आणि कड्यावरून दहा ठिकाणी पाणी. मी सप्टेंबरचा शेवट घेतला कारण तेव्हा हिरवा एक नसतो. उतारावरचं गवत वर पोचलेलं आणि टोकाला सोनेरी व्हायला लागलेलं, खाली भात पोटरीत आलेला, पोपटी-पिवळा, झाडं गर्द, आणि टप्प्याटप्प्यांवर सोनकीचा पिवळा सडा.

जमिनीला आधी मातीचा तपकिरी रंग द्या, हिरवा नाही, हिरवा वरून येऊ दे. गवताचे तंतू उभे राहायला हवेत, त्यासाठी डास मारायच्या रॅकेटचं सर्किट वापरतात, एक वायर लोखंडी गाळणीला, दुसरी वायर फेविकॉल लावलेल्या ओल्या जागेत खुपसलेल्या खिळ्याला, गाळणीत तंतू घालून हलवलं की ते खेचले जाऊन उभे रुततात. झटका जोरात बसतो आणि बटण सोडल्यावरही सर्किटमध्ये चार्ज साठून राहतो, मुलांना जवळ येऊ देऊ नका, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून मगच हात लावा. ४ एमएमचे तंतू म्हणजे फूटभर गवत, ६ एमएम म्हणजे गुडघ्याइतकं. दोन्ही मिसळा, आणि तीन हिरवे आणि एक पिवळट असे चार रंग मिसळा, एकाच पाकिटातलं गवत गालिच्यासारखं दिसतं.

झुडपांसाठी जुन्या गादीचा स्पंज, पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिकमध्ये भिजवून, उन्हात वाळवून, मिक्सरच्या टाकाऊ भांड्यात फिरवायचा (चालू भांड्यात नको). तीन चाळण्यांनी तीन आकार करा. सोनकी म्हणजे बारीक पिवळा स्पंजचूर, गवताच्या टोकांना फेविकॉलचा हलका हात देऊन वरून चिमटीनं सोडायचा, सगळीकडं नाही, कड्याच्या सपाट टप्प्यांवर पट्ट्या-पट्ट्यांनी.

झाडांना वायरचे पीळ करतात, जुन्या केबलमधली तांब्याची तार घेऊन, ते मोठ्या झाडांना चांगलं. पण लहान झाडांसाठी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वाळलेल्या तुळशीच्या काड्या. त्यांना फांद्या कशा फुटतात बघा, अगदी खऱ्या झाडासारख्या, हातानं वळून ते जमत नाही. आई आधी नको म्हणाली, तुळस अशी कामाला लावतात का, मग तिनंच अंगणातली वाळलेली रोपं बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. काड्यांवर पातळ फेविकॉल मारून स्पंजचूर भुरभुरवा, आणि सगळी पानं फांदीच्या वरच्या अंगाला, खालून थोडी काडी दिसू दे. वाळलेल्या गोष्टींना लावण्याआधी बुरशीनाशक मारून दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर जुलैत पांढरी बुरशी धरते. झाड लावताना उंची मोजा, माणूस २० एमएम, मोठा आंबा किंवा जांभूळ १५० एमएमपर्यंत, आपण झाडं नेहमी बुटकी करतो.

भाताची खाचरं माझी सगळ्यात आवडती. जुना टर्किश टॉवेल पिवळट-पोपटी रंगवा, वाळला की तारेच्या ब्रशनं विंचरा, आणि वेड्यावाकड्या चौकोनात कापून लावा, मध्ये मातीचे बांध. खाचरांच्या आकारात एकही काटकोन नको आणि प्रत्येक खाचर मागच्यापेक्षा दोन-तीन एमएम खाली.

धबधब्याला पारदर्शक सिलिकॉन, हार्डवेअरच्या दुकानातलं. काचेवर पट्टी ओढा, टूथपिकनं लांबीच्या दिशेनं रेघा मारा, एक दिवस वाळवा, सोलून कड्याला लावा, वर पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या. सप्टेंबरच्या शेवटी धार बारीकच ठेवा.

माणसं आणि पाट्या

स्टेशनची पाटी पिवळी, काळी अक्षरं, मराठी, हिंदी, इंग्रजी. प्लॅटफॉर्मची उंची खऱ्यात रुळापासून ८४० एमएमपर्यंत, एचओत साडेनऊ एमएम, आणि कड रुळाच्या मध्यापासून खऱ्यात १६७० ते १६८० एमएम, म्हणजे सव्वाएकोणीस, वळणावर जास्त. माणसं थोडीच ठेवा आणि प्रत्येकाला काहीतरी काम द्या. माझ्याकडं एक की-मन आहे, म्हणजे रोज रूळ तपासत चालणारा रेल्वेचा माणूस, खांद्यावर हातोडा, बोगद्याच्या तोंडाशी रुळाकडं खाली बघत चाललेला. ही माणसं आणि पावसाळ्यात घाटात दरड बघत रात्ररात्र चालणारे गस्तवाले आहेत म्हणून आपली गाडी जाते, त्याला मी सगळ्यात पुढं, प्रकाशात ठेवलाय.

काम नसेल तेव्हा लेआउटवर जुनी सुती साडी टाका, प्लॅस्टिक नको, आत दमटपणा धरतो. रूळ आयपीएनं ओल्या केलेल्या सुती कापडानं पुसा, पॉलिश पेपर मारू नका, बारीक चरे पडतात आणि त्यात मळ पटकन बसतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवा, आणि गणपती झाले की एक रविवार काढून कर्जतला जा, खिडकीची जागा डाव्या हाताची की उजव्या हाताची ते दोन्ही वेळा बदलून बघा, आणि परत आल्यावर सोनकी अजून कुठं कमी पडतेय ते लगेच कळेल.